दाखला मिळाला होता

चाकण,
६ मे २०२५

सौ. भागूबाई,

मी तांबोळी मॅडम, हर्षालीची आठवीची वर्गशिक्षिका. आठ दिवस तुमचा फोन बंद लागतो आहे. परवा नाणेकरवाडीत तुमच्या खोलीवर जाऊन आले, तर तिथं दुसरंच बिऱ्हाड आलेलं. शेजारी राहणाऱ्या, हर्षालीच्याच वर्गातल्या सोनलनं सांगितलं, की हर्षालीच्या वडिलांना ठेकेदारानं कमी केलं आणि तुम्ही सगळे सामान टेम्पोत भरून गावी जिंतूरकडे गेलात. हा पत्ता शाळेच्या रजिस्टरातून घेतला आहे.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. पालकसभेत अंगठा उठवायला लागू नये म्हणून हर्षालीनं तुम्हाला सही शिकवली होती, तेव्हा मी तिथंच होते. म्हणजे हे पत्रही तीच तुम्हाला वाचून दाखवणार.

विनंती एकच आहे. पोरीची शाळा बंद करू नका. तिचा टी.सी. न्यायला अजून कोणी आलेलं नाही, त्यावरून मी आशा धरून आहे. नववीचे वर्ग १६ जूनला सुरू होतील. गावी राहून शाळा जमत नसेल तर तिला माझ्याकडे पाठवा. घरात मी आणि माझे मिस्टर दोघंच असतो. तुमचं खाणंपिणं वेगळं, तर तिची चूल मी वेगळी मांडून देईन. मनात काही शंका ठेवू नका.

त्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हर्षालीला एकशे ऐंशीपैकी एकशे अठरा गुण पडले. शाळेतली बावीस मुलं बसली होती, त्यात ती पहिली. नववी ते बारावी दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती तिच्या हातची गेली, ही फार वाईट गोष्ट झाली. त्या काळात माझ्या मिस्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पिंपरीच्या दवाखान्यात माझी ये-जा चालू होती. त्या गडबडीत जातीच्या दाखल्याचे कागद मागेपुढे झाले. चूक कुणाची का असेना, शिक्षा पोरीला व्हायला नको.

उत्तर पाठवा. सोबत माझा पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे.

आपली,
सुरय्या तांबोळी

•

चाकण,
२० मे २०२५

सौ. भागूबाई,

पोचपावती परत आली. तिच्यावर तुमची सही आहे, म्हणजे पत्र मिळालं. उत्तर मात्र आलं नाही.

सोनलला हर्षालीचा फोन आला होता म्हणे, मावशीच्या मोबाइलवरून. ती मावशीबरोबर रोजानं हळदीच्या कामाला जाते. सोनल हे सांगताना हसत होती, 'मॅडम, तिचे हात पिवळेधम्मक झालेत' म्हणून. मला हसू आलं नाही. मी वर्गात गेले आणि बाकं मोजत बसले. सुट्टीत रिकाम्या वर्गात काय मोजायचं असतं?

हर्षालीच्या वडिलांचा, कोंडाजीभाऊंचा राग मी समजू शकते. दाखल्यासाठी ते इथून जिंतूरला गेले, तहसीलला दोन दिवस रांगेत उभे राहिले. पण त्या रागापायी मुलीचं शिक्षण थांबवू नका म्हणावं. त्यांना हेही सांगा, की दाखला शाळेत आला होता. माझ्या हाती लागला तेव्हा दुरुस्तीची मुदत संपून गेली होती. अर्ज भरताना दाखला नव्हता म्हणून मी तिचा प्रवर्ग खुला टाकला होता आणि तो तसाच राहिला. खुल्या गटाची यादी एकशे सव्वीसवर थांबली. तुमच्या प्रवर्गाची एकशे सातपर्यंत उतरली. योग्य प्रवर्गात असती तर हर्षाली कितीतरी वर असती.

मी एक अर्ज तयार केला आहे. त्यावर पालक म्हणून कोंडाजीभाऊंची सही लागेल. कागद सोबत आहे. पेन्सिलीनं खूण केली आहे तिथं सही करून पाठवा. यादी बदलेल की नाही ते सांगता येत नाही, पण मी कार्यालयात जाऊन बसेन, रोज जाऊन बसेन.

भागूबाई, पोरीला उन्हातान्हात कामाला पाठवू नका. मी हात जोडते.

सुरय्या तांबोळी

•

ता. जिंतूर,
२८ मे २०२५

तांबोळी मॅडम यांस,

आई सांगते तसं लिहिते आहे.

मॅडम, तुमची दोन्ही पत्रं भेटली. उत्तर द्यायला उशीर झाला, माफी करा. तुम्ही लई चांगल्या हाव. दुसरं कोण एवढं इचारतंय?

पण तुमचा गैरसमज झालाय. हिचे वडील शाळा बंद करा म्हणत न्हाईत. ते रोज म्हणतात, झालं गेलं, लेकरू हाय, खोटं बोललं तर बोललं, नववीला घालू. हीच न्हाई म्हणती. शाळंत पाय ठेवणार न्हाई म्हणती. वह्या सगळ्या रद्दीवाल्याला घातल्या. मावशीसंगं हीच कामाला जाती, आमी लावलं न्हाई. कामून म्हून इचारलं तर बोलत न्हाई.

ही म्हणती, दाखला म्या मॅडमच्या हातात दिलता. हिचे वडील म्हणतात, मॅडम कशाला खोटं बोलतील? मी बी तसंच म्हणते. दाखला हिनंच कुठंतरी ठिवून दिला असंल, मुदत गेल्यावर शाळंत टाकला असंल आन् भ्यापोटी बोलली असंल. तुम्ही हिच्या मॅडम. हिच्या मनात काय हाय ते तुम्हाला ठाऊक असंल तर आमाला सांगा.

सही करून कागद पाठवला हाय.

वरचं सगळं आईनं सांगितलं तसं लिहिलं आहे. एकही शब्द बदललेला नाही.

हर्षाली

•

चाकण,
२ जून २०२५

हर्षाली,

हे पत्र तुला लिहिते आहे. तुझ्या आईला नाही.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं. 'मॅडम कशाला खोटं बोलतील' ही ओळ तुझ्याच अक्षरात होती. तुझं अक्षर मी तीन वर्षं तपासलं आहे. त्या ओळीवर पेन कुठंही अडखळलेलं नव्हतं. मी पत्र पर्समध्ये घातलं आणि घरी आले. मिस्टरांनी विचारलं, "काय झालं, चेहरा का असा?" मी म्हटलं, "ऊन लागलं." बघ, अजूनही सवय जात नाही.

आता जे झालं ते सांगते. तुला ते माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

दाखला तू मला २२ फेब्रुवारीला दिलास. शनिवार होता, शाळा सुटली होती, मी पर्स खांद्याला लावून निघाले होते. तू धावत आलीस. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घातलेला कागद होता. म्हणालीस, "मॅडम, बाबा काल रात्रीच्या गाडीनं घेऊन आले. सोमवारी शेवटची तारीख आहे ना?" मी म्हटलं, "हो, करते." तू म्हणालीस, "आत्ता केलं तर?" मी म्हटलं, "अगं, करते म्हटलं ना."

दुरुस्ती करायला पाच मिनिटं लागली असती. शाळेचा संगणक चालू होता.

मिस्टरांच्या ऑपरेशनचं मी तुझ्या आईला लिहिलं. ते ऑपरेशन जानेवारीत झालं. फेब्रुवारीत ते दुकानावर जायला लागले होते. त्या शनिवारी आणि रविवारी मला कसलीही अडचण नव्हती. पुतणीचं लग्न ठरलं होतं, आम्ही जावा-जावा साड्या बघायला चिंचवडला गेलो. सोमवारी घटक चाचणीचे पेपर तपासले. दाखला त्याच गठ्ठ्यात गेला होता. तो मला ३ मार्चला सापडला. 'मुदत संपल्यावर हाती लागला' असं मी दुसऱ्या पत्रात लिहिलं, ते शब्दाशब्दाला खरं आहे आणि सगळंच्या सगळं खोटं आहे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर त्यांनी फोन केले असते, कोणाकडे तरी गेलो असतो. मी दाखला घरी नेला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. स्वतःला म्हटलं, एकशे अठरा आहेत, खुल्या गटातूनही लागेल.

नाही लागलं.

९ एप्रिलला तुझे वडील तुला घेऊन ऑफिसात आले. पहिली शिफ्ट बुडवून आले होते, अंगात कंपनीचा शर्ट होता. मुख्याध्यापकांसमोर म्हणाले, "मॅडम, दोन खाडे केले म्या या कागदापायी. आन् यादीत पोरीचं नाव कामून न्हाई?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. आदल्याच आठवड्यात पोषण आहाराच्या नोंदी चुकल्या म्हणून ते मला सगळ्यांदेखत बोलले होते. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आता पुन्हा नको.

मी म्हटलं, "हर्षालीनं दाखला आणूनच दिला नाही."

तू म्हणालीस, "मॅडम, मी दिला होता." आवाज अगदी बारीक होता. मग तुझ्या वडिलांचा हात उठला.

मी काही बोलले नाही. तू गालाला हातसुद्धा लावला नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. तू बोलशील असं मला वाटत होतं, तारीख सांगशील, वार सांगशील. तू काहीच बोलली नाहीस. तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले. हे लिहायला मला दोन दिवस लागले. पण मी तेच म्हटलं होतं.

ठेकेदारानं वडिलांना कमी केलं ते खाडे जास्त झाले म्हणून, असं सोनल सांगत होती. त्यातले दोन दाखल्याचे. एक त्या सकाळचा.

दाखला सोबत जोडला आहे. कोपरा जरा दुमडला आहे, तो माझ्यामुळे. आज सकाळी मी मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. त्याचीच प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवली आहे. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तांबोळी बाई, हे देऊ नका. एकोणीस वर्षं नोकरी झाली तुमची." मी दिलं.

हे पत्र आईला वाचून दाखव. वडिलांना वाचून दाखव. आणि शाळेत जा. माझ्या शाळेत नको, माझ्यासमोर नको, तिथल्या कुठल्याही शाळेत जा. मला शिक्षा म्हणून तू हे करत असशील, तर ती मला लागली आहे. मनापासून सांगते, लागली. आता ती तुझ्याकडून घेऊ नकोस.

सुरय्या तांबोळी

•

चाकण,
१७ जून २०२५

हर्षाली,

रविवारी मी तुमच्या घरी येऊन गेले. तू दार लावून आत होतीस, म्हणून अंगणात काय झालं ते लिहिते. काही ऐकू आलं असेल, काही नसेल.

२ तारखेच्या पत्राचं उत्तर येईना, म्हणून मी शनिवारी रात्री शिवाजीनगरहून एस.टी. पकडली. जिंतूरला उतरून तुमच्या गावापर्यंत जीपनं आले. तुझी आई भांडी घासत होती. मला बघून पदर सावरत उठली आणि ओरडली, "अगं बया, मॅडम आल्या! हर्षे!" तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तुझ्या वडिलांनी खाट टाकली. "बसा मॅडम. एवढ्या लांब कशापायी आलात?"

मी विचारलं, "पत्र वाचलं ना तुम्ही?"

"कोणतं? ते सहीचं? ते तर पाठवलं."

"त्यानंतरचं."

तुझी आई म्हणाली, "आलतं एक. हर्षी म्हणाली, परीक्षेचं काहीतरी हाय."

तेव्हा मला कळलं, की तू ते वाचून दाखवलं नव्हतंस. क्षणभर मला तुझा राग आला. नंतर लाज वाटली. माझं खोटं तू माझ्यासाठी कशाला वाचायचं? आईची ती ओळ तू एकदा लिहिली होतीस, तेवढं पुरे होतं. हे माझं मलाच बोलायला हवं होतं.

मी बोलले. उभी राहून बोलले. पत्रात जसं लिहिलं होतं तसं नाही जमलं. मध्येमध्ये चुकले, पुतणीच्या लग्नाचं आधी सांगितलं आणि तारखा नंतर. तुझी आई पहिल्यांदा मान हलवत होती. मग तिची मान थांबली. तुझे वडील म्हणाले, "थांबा. पुन्हा सांगा. दाखला तुमच्याकडं हुता?"

"होता."

"त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी माझ्या घरी कपाटात होता."

तुझं दार उघडलं ते तेव्हाच. तू बाहेर आलीस, दाखला वडिलांच्या हातात दिलास आणि पुन्हा आत गेलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. त्यानंतरचं तुला दिसलेलं नाही.

तुझ्या वडिलांनी कागद उलटून पालटून बघितला. मग ते म्हणाले, "मॅडम, म्या तिला तुमच्यासमोर मारलं. तुम्ही बघत हुत्या." आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते तेवढंच पुन्हा म्हणाले, "तुम्ही बघत हुत्या." आणि खाटेवर बसले. तुझी आई रडत होती, पण माझ्याकडे पाठ करून. थोड्या वेळानं तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "पाणी प्या आन् जा मॅडम. गाडी चुकंल."

मी निघाले तेव्हा तुझे वडील तुझ्या दाराशी उभे होते. कडी वाजवत नव्हते. नुसते उभे होते. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. विचारतही नाही.

आज कार्यालयातून उत्तर आलं. यादी अंतिम झाली आहे, ती बदलता येणार नाही. म्हणजे शिष्यवृत्ती गेली, हर्षाली. मी ती परत आणू शकले नाही. माझी चौकशी लागली आहे. वेतनवाढ थांबेल, कदाचित आणखी काही होईल. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मागून दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, एवढ्यासाठी लिहिते.

काल शाळा भरली. प्रार्थनेनंतर मी नववीच्या मुलांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की हर्षालीनं दाखला दिला होता, माझ्याकडून राहिला आणि मी खोटं बोलले. सोनल पहिल्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली. नंतर तासाला एकाही मुलानं मला काही विचारलं नाही. एरवी किती विचारतात.

तुझा टी.सी. सही-शिक्क्यासह सोबत पाठवते आहे. गुणपत्रकही आहे. जिंतूरची कन्या प्रशाला असो की दुसरी कुठली, जूनअखेरपर्यंत प्रवेश मिळतो, मी फोन करून विचारलं आहे. यापुढं मी पत्र लिहिणार नाही. तू सांगितलंस तरच लिहीन.

सुरय्या तांबोळी

•

जिंतूर,
२० जुलै २०२५

तांबोळी मॅडम,

हे पत्र मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही.

मी २६ जूनला नववीत नाव घातलं. शाळा अकरा किलोमीटरवर आहे. सकाळची एस.टी. सव्वासहाला असते. बाबा रोज फाट्यापर्यंत सोडायला येतात. मी म्हटलं एकटी जाईन, तरी येतात. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर बाबा गावात पारावर गेले आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना सांगून आले, की आमची पोरगी खरी होती. आईनं मला नंतर सांगितलं. मला ते आवडलं. पण मार त्यांनी चाकणला दिला होता आणि हे इथं सांगितलं, एवढं मात्र मनात राहतं. हे मी बाबांना बोलले नाही.

आई म्हणते, मॅडम एवढ्या लांब आल्या, माफ करून टाक. मी प्रयत्न करून बघितला. होत नाही. मला अजून तुमचा राग येतो, आणि तो कमी झाला असं खोटं मी लिहिणार नाही. वर्गात बाई काही म्हणाल्या की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. पूर्वी मी फळ्याकडे बघायचे.

दुसरं काम आहे. इथल्या गणिताच्या सरांची बदली झाली. नवीन सर अजून आले नाहीत. त्या तासाला आम्हाला मैदानावर सोडतात. करणीचं प्रकरण मी पुस्तकावरून स्वतः केलं. छेदाचं परिमेयीकरण एका पदाचं जमतं. छेदात दोन पदं असली की माझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. तीन उदाहरणं मागच्या पानावर लिहिली आहेत, माझं उत्तरही लिहिलं आहे. कुठं चुकतं ते लाल पेननं दाखवा आणि तिन्ही पूर्ण सोडवून पाठवा.

पत्रात दुसरं काही लिहू नका. फक्त गणित. आणि नुसतं उत्तर नको मॅडम, सगळ्या पायऱ्या हव्यात.

हर्षाली कोंडाजी शिंगाडे
इयत्ता नववी